हिवाळी जत्रेतले फिरते रोलर कोस्टर : सकाळची फेरी आणि रात्रीची फेरी एकसारखी का नसते?

धागालेखक

हिवाळी जत्रा भरली की मी तिथे निदान दोन दिवस जातो. पहिला दिवस सगळी जत्रा डोळ्यांखालून घालण्यात जातो आणि दुसरा केवळ रोलर कोस्टरसाठी राखून ठेवलेला असतो. यंदा या दुसऱ्या दिवशी मी एक प्रयोग केला. जत्रेतल्या सर्वांत मोठ्या कोस्टरमध्ये सकाळी फाटक उघडताच पहिल्याच गाडीत बसलो आणि रात्री साडेनऊला पुन्हा त्याच कोस्टरमध्ये बसलो. रूळ तेच होते, गाडी तीच होती आणि बसण्याची जागाही मी मुद्दाम तीच मागून घेतली होती : शेवटचा डबा, डावी बाजू. तरीही दोन फेऱ्यांत इतका फरक होता, की डोळे बांधून बसवले असते तर हे दोन वेगळे कोस्टर आहेत असेच मी सांगितले असते. सकाळी दुसऱ्या टेकाडाच्या माथ्यावर गाडी दमल्यासारखी रेंगाळली आणि मग सावकाश खाली उतरली. रात्री त्याच माथ्यावर माझे शरीर आसनावरून उचलले गेले आणि मांडीवरचा दांडा नसता तर काय झाले असते हे मांड्यांनाच कळले.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पहिल्या चढावर साखळी गाडीला ओढून नेते आणि माथ्यावर सोडून देते. त्यानंतर बहुतेक कोस्टरांमध्ये गाडीला कोणीही ढकलत नाही, उंचीवर साठलेली ऊर्जा खर्च करत ती शेवटापर्यंत पोहोचते. त्या ऊर्जेचे वाटेकरी तीन : चाकांच्या बेअरिंगमधले ग्रीस, चाकांवरचे पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचे, जाड वेष्टन आणि समोरून अंगावर येणारी हवा. थंडीत हे तिघेही जास्तीचा वाटा मागतात. ग्रीस घट्ट होते. पॉलियुरेथेन गारठले की दबून पुन्हा पूर्ववत होताना अधिक ऊर्जा खाते, आणि रात्रभर एकाच जागी भार सोसलेले चाक पहिल्या काही फेऱ्यांत किंचित चपटे राहून खडखडते. हवेचे म्हणाल तर शून्य अंश तापमानाची हवा तीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के अधिक दाट असते. संध्याकाळपर्यंत गाडीने शेकडो फेऱ्या मारलेल्या असतात, बेअरिंगे आणि चाके आतून गरम झालेली असतात. शिवाय रात्री प्रत्येक आसन भरलेले असते, आणि भरलेली जड गाडी हवेच्या विरोधाला रिकाम्या गाडीपेक्षा कमी जुमानते. म्हणून बाहेरचा पारा सकाळपेक्षा उतरलेला असला तरी रात्रीची गाडी वेगाने धावते.

हे मला सविस्तर लिहावेसे वाटले याचे एक कारण आहे. जत्रेतला कोस्टर म्हणजे कायमच्या उद्यानातल्या कोस्टरची धाकटी, स्वस्तातली आवृत्ती, असा समज मी वारंवार ऐकतो आणि तो मला मनापासून खटकतो. उद्यानातला कोस्टर एकदा काँक्रीटच्या पायात रोवला की तो जन्मभर त्याच जमिनीवर उभा राहतो. फिरत्या कोस्टरला मात्र दर काही आठवड्यांनी नव्या जमिनीवर, नव्या उतारावर, नव्या हवेत तितक्याच अचूकपणे उभे राहावे लागते, आणि हिवाळ्यात त्याची ही परीक्षा सर्वांत कडक होते. तिथे गाडीत बसण्यापूर्वी मी नेहमी कुंपणाला लागून एक फेरफटका मारतो आणि खांबांच्या बुडाशी पाहतो. यंदा एका खांबाच्या पोलादी पाटाखाली लाकडी ठोकळ्यांची सात थरांची चळत होती. सर्वांत वरची फळी जेमतेम बोटाच्या जाडीची होती आणि तिच्या कडेवर निळ्या खडूने खांबाचा क्रमांक लिहिलेला होता. शेजारच्या खांबाखाली तीनच थर होते. जमिनीचा उतार डोळ्यांना जाणवत नव्हता, पण ठोकळ्यांनी तो मोजून दाखवला होता.

ज्यांनी हिवाळी जत्रेत अशा फिरत्या कोस्टरचा अनुभव घेतला आहे त्यांनी आपली निरीक्षणे इथे लिहावीत. विशेषतः दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणत्या डब्यात आणि कोणत्या हवेत बसलात हे आवर्जून सांगावे.

अभ्यासू वाचक

उत्तम धागा. यात इतिहासाची थोडी भर घालतो, कारण रोलर कोस्टर आणि हिवाळा यांचे नाते आपल्याला वाटते त्याहून जुने आहे. हा खेळ मुळी हिवाळ्यातच जन्मला. रशियात, विशेषतः सेंट पीटर्सबर्गच्या परिसरात, सतराव्या-अठराव्या शतकांत लाकडाचे उंच सांगाडे उभारून त्यांच्या उतारावर पाणी ओतत. ते गोठून जाड बर्फ झाले की लोक त्यावरून घसरगाडीत बसून खाली येत. थंडी सरली की बर्फ वितळे आणि खेळ संपे, म्हणजे हंगामीपणा या खेळाच्या रक्तातच आहे. पुढे ही कल्पना फ्रान्समध्ये गेली आणि १८१७ साली पॅरिसमध्ये रुळांना धरून धावणाऱ्या चाकांच्या गाड्या आल्या. बर्फाची जागा चाकांनी घेतली आणि खेळ उन्हाळ्याचा झाला. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांत रोलर कोस्टरला आजही ‘रशियन पर्वत’ अशा अर्थाचे नाव आहे. रशियन भाषेत मात्र त्याला ‘अमेरिकन टेकड्या’ म्हणतात, कारण अमेरिकेत कोनी आयलंडवर १८८४ मध्ये लामार्कस थॉम्सन यांनी आपली घसरगाडी सुरू केल्यानंतर या खेळाचे केंद्र तिकडे सरकले.

चाकांच्या बाबतीत आणखी एक नाव घेतले पाहिजे : जॉन मिलर. गाडीचे वजन पेलणारे चाक रुळावर, दिशा देणारे चाक रुळाच्या बाजूला आणि गाडीला उचलू न देणारे तिसरे चाक रुळाच्या खाली, या रचनेतल्या तिसऱ्या चाकाचे एकस्व (पेटंट) त्यांनी १९१९ मध्ये घेतले. रात्रीच्या फेरीत दुसऱ्या माथ्यावर धागालेखकांचे शरीर आसनावरून उचलले गेले, तेव्हा गाडीही रूळ सोडू पाहत होती आणि तिला खालून धरून ठेवण्याचे काम हेच तिसरे चाक करत होते.

हिवाळी जत्रांपैकी हँबर्गची ‘डोम’ ही जत्रा मला फार महत्त्वाची वाटते. ती वर्षातून तीन वेळा भरते आणि तिच्या नावाचा उगमही हवामानाशी जोडलेला आहे : खराब हवेत फिरते विक्रेते तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, म्हणजे डोममध्ये, आसरा घेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते चर्च पाडले गेले. नाव तेवढे जत्रेला चिकटून राहिले.

पाना-पक्कड

मी पोलादी सांगाडे उभारण्याच्या कामात आहे. कोस्टर मी कधी उभारलेला नाही, परंतु लाकडी ठोकळ्यांविषयी अधिकाराने बोलू शकतो, कारण आमचेही निम्मे काम त्यांच्याच भरवशावर चालते. लोक ते ठोकळे पाहून घाबरतात. एवढा मोठा लोखंडी डोलारा आणि खाली लाकडाच्या फळ्या, हे त्यांना जुगाड वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. खांबाखालचा पाट भार आडव्या चौकटीवर देतो, चौकट तो ठोकळ्यांवर पसरवते आणि ठोकळे तो जमिनीच्या मोठ्या क्षेत्रावर वाटतात. लाकूड दाबाखाली किंचित बसते, त्यामुळे जमिनीच्या बारीकसारीक खाचखळग्यांशी ते जुळवून घेते. पोलादावर पोलाद ठेवले तर ते घसरण्याची भीती असते, लाकूड मात्र पकड देते. आणि एखादा खांब चार मिलिमीटर खाली बसला तर जॅक लावून तो उचलायचा आणि एक पातळ फळी सरकवायची, एवढाच उपाय पुरतो. काँक्रीटच्या पायात हे इतके सहज शक्य नाही.

हिवाळ्यात या कामाला वेगळीच धार चढते. ओलसर माती गोठली की फुगते आणि वर उचलली जाते. दुपारच्या उन्हात तीच वितळली की मऊ होऊन खाली बसते. म्हणजे ज्या जमिनीवर हा डोलारा उभा आहे ती चोवीस तासांत दोनदा आपली पातळी बदलू शकते. म्हणून जत्रा उघडण्यापूर्वी माणसे पाणसळ घेऊन खांबाखांबाशी वाकलेली दिसतात. ते दृश्य दिसले नाही तर मी स्वतः त्या कोस्टरमध्ये बसणार नाही.

तपासणीविषयीही दोन शब्द. जर्मन कायद्यात अशा उभारता-उतरवता येणाऱ्या रचनांना जो शब्द आहे त्याचा शब्दशः अर्थ ‘उडत्या इमारती’ असा होतो, आणि तो मला फार आवडतो. अशा प्रत्येक रचनेसोबत तपासणीची एक वही फिरते. नवीन गावी उभारणी झाली की तिथला अधिकारी पाहणी करून त्या वहीत नोंद करतो, मगच लोकांना आत सोडता येते. युरोपात या पाळण्यांच्या आराखड्यासाठी आणि वापरासाठी ईएन १३८१४ हे मानक २००४ साली आले आणि २०१९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली.

पहिली रांग

धागालेखकांनी शेवटचा डबा मागून घेतला, त्या निवडीशी मी सहमत नाही. शेवटच्या डब्यात जोर अधिक मिळतो हे मान्य आहे. पुढचे डबे माथा ओलांडून खाली निघालेले असतात, ते मागच्या डब्याला खेचतात आणि त्यामुळे तो माथ्यावरून अधिक वेगाने जातो. परंतु हिवाळी जत्रेत रात्री पहिल्या रांगेतून जे दिसते ते दुसरीकडे कुठे मिळणार? पाच वाजताच अंधार पडलेला असतो. साखळीच्या चढावर कटकट आवाज येत राहतो, समोर फक्त दोन रूळ दिसतात आणि त्यांच्या पलीकडे खाली सबंध जत्रेचे दिवे पसरलेले असतात. माथ्यावर गाडी क्षणभर आडवी होते तेव्हा रूळही दिसेनासे होतात. यंदा मला त्या क्षणी रुळाच्या पाठीवर दंव दिसले. पांढऱ्या दंवातून चाकांनी घासून लखलखीत ठेवलेली एक अरुंद पट्टी पुढे अंधारात वळत गेली होती. हे दृश्य मागच्या डब्यातून कधीही दिसणार नाही.

अर्थात पहिल्या रांगेची किंमत थंडीच्या रूपाने मोजावी लागते. वारा आणि तापमान यांवरून अंगाला जाणवणारी थंडी काढण्याचे एक प्रचलित सूत्र आहे. त्यानुसार हवा पाच अंश असताना ताशी ७० किलोमीटरचा वारा अंगावर आला तर उघड्या त्वचेला ती उणे दोन अंशांसारखी वाटते, आणि हवा शून्यावर असेल तर उणे नऊसारखी. फेरी दीड-दोन मिनिटांची असल्यामुळे अपाय होत नाही, पण डोळ्यांतून पाणी येते आणि नेमके पाहण्याजोगे असते तेव्हाच सगळे धूसर होते.

शाल

कपड्यांविषयी मला कळकळीने सांगायचे आहे, कारण हिवाळी जत्रेत लोक याच बाबतीत चुकतात. गळ्याभोवती लोंबता मफलर किंवा शाल गुंडाळून कोणीही कोस्टरमध्ये बसू नये. तो काढून खिशात कोंबावा किंवा खाली थांबलेल्या माणसाकडे द्यावा. कानांसाठी घट्ट बसणारी टोपी असेल तर तीही चालकाला विचारूनच ठेवावी. आणखी एक गोष्ट मी अनुभवाने शिकले : फुगीर जॅकेट घालून बसल्यावर मांडीवरचा दांडा जॅकेटच्या हवेवर टेकतो आणि घट्ट बसल्यासारखा वाटतो. पहिल्या उतारावर ती हवा निघून जाते आणि दांडा व मांडी यांच्यामध्ये पोकळी राहते. म्हणून बसतानाच जॅकेट हाताने दाबून चपटे करावे, पुढची बाजू मांडीवरून वर ओढून घ्यावी आणि मग दांडा खाली घ्यावा.

आता एक प्रसंग. दोन वर्षांपूर्वी एका हिवाळी जत्रेत मी आणि माझी बारा वर्षांची मुलगी मध्यम आकाराच्या एका कोस्टरमध्ये बसलो होतो. चढाच्या दोनतृतीयांश उंचीवर गाडी थांबली. साखळीचा आवाज बंद झाला आणि वाऱ्याचा आवाज एकदम मोठा वाटू लागला. मुलीने माझा हात धरला आणि म्हणाली, “आई, आता मागे तर नाही ना जाणार?” त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हते. वीसेक मिनिटांनी दोन कर्मचारी चढाशेजारच्या जिन्याने वर आले. त्यांनी प्रत्येक डब्याचा दांडा एकेक करून हाताने सोडवला आणि आम्हांला रांगेने खाली आणले. जिन्याच्या जाळीदार पायऱ्यांवर दंव जमले होते, म्हणून एक जण पुढे पाठ करून उतरत होता आणि प्रत्येक पायरीवर मुलीचे बूट स्वतःच्या हाताने टेकवत होता. खाली आल्यावर कळले, की कुठल्याशा संवेदकावर (सेन्सरवर) दंव साठल्यामुळे यंत्रणेने गाडी थांबवली होती. त्या दिवसापासून माझी मुलगी कोस्टरमध्ये बसलेली नाही. यंदा ती पुन्हा जाऊ या म्हणते आहे. तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर आता तरी तिला नीट देता यावे अशी माझी इच्छा आहे.

पाना-पक्कड

शालताई, त्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि ते तिला कारणासह सांगता येईल. चढावर जी कटकट ऐकू येते ती बहुतेक कोस्टरांत गाडीच्या बुडाशी असलेल्या खिट्टीची असते. रुळांच्या मधोमध करवतीच्या दातांसारखी पट्टी असते, खिट्टी एकेका दातावरून पुढे सरकते आणि मागे येऊ पाहिले तर दातात अडकते. साखळी तुटली, वीज गेली, काहीही झाले तरी गाडी फार तर एका दाताइतकी मागे येते. तो आवाज म्हणजे प्रत्येक पावलागणिक मागचे दार लावून घेतल्याचा आवाज आहे.

गाडी थांबली याचेही वाईट वाटून घेऊ नये. कोस्टरचा मार्ग अनेक टप्प्यांत विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडायची हा नियम यंत्रणा पाळते. पुढचा टप्पा मोकळा असल्याची खूण संवेदकाकडून आली नाही तर यंत्रणा तो मोकळा नाही असेच धरते आणि गाडी थांबवते. दंवाने संवेदकाचे डोळे झाकले, यंत्रणेला शंका आली, आणि शंकेचा निकाल तिने थांबण्याच्या बाजूने दिला. ब्रेकचीही हीच तऱ्हा असते. अनेक कोस्टरांत ब्रेकची पकड स्प्रिंगच्या जोराने घट्ट मिटलेली असते आणि ती उघडण्यासाठी दाबाखालची हवा लागते. हवेचा दाब गेला तर ब्रेक आपोआप लागतो.

अभ्यासू वाचक

फिरता कोस्टर म्हणजे धाकटी आवृत्ती, या समजाचा प्रतिवाद करायचा असेल तर ‘ऑलिंपिया लूपिंग’ या फिरत्या कोस्टरचे उदाहरण पुरेसे आहे. तो १९८९ साली म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये पहिल्यांदा उभा राहिला. आराखडा आन्टोन श्वार्झकोफ आणि वेर्नर श्टेंगेल यांचा. उंची ३२.५ मीटर, रुळांची लांबी १,२५० मीटर आणि एकामागोमाग पाच उभे लूप, म्हणजे गाडीला उलटे करून नेणारे फेरे, ऑलिंपिकच्या पाच कड्यांच्या रंगांत रंगवलेले. उभारता-उतरवता येणाऱ्या कोस्टरांत तो जगातला सर्वांत मोठा मानला जातो. लंडनच्या हाइड पार्कमध्ये २००७ पासून भरणाऱ्या हिवाळी जत्रेत तो ‘म्युनिक लूपिंग’ या नावाने उभा राहिलेला आहे, म्हणजे आपल्या धाग्याच्या विषयात तो तंतोतंत बसतो.

त्या लूपांचा आकार नीट पाहावा. ते शुद्ध वर्तुळ नाहीत. वर वळण आवळलेले आणि खाली मोकळे, साधारण पाण्याच्या उलट्या थेंबासारखे ते आहेत. गणित सोपे आहे : शुद्ध वर्तुळाकार लूपमध्ये घर्षण धरले नाही तर तळाशी आणि माथ्याशी आसनाने शरीराला दिलेल्या दाबात नेहमी शरीराच्या वजनाच्या सहापट फरक राहतो. म्हणजे माथ्यावर शरीर अगदी हलके झाले तरी तळाशी ते सहापट जड होणार, आणि तेही लूपमध्ये शिरताक्षणी, एकाएकी. जुन्या काळी वर्तुळाकार लूप बांधले गेले तेव्हा माणसांच्या माना यातच दुखावल्या. श्टेंगेल आणि श्वार्झकोफ यांनी वक्रता हळूहळू वाढत जाणारा आकार घेतला आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘रेव्होल्यूशन’ या कोस्टरमध्ये आधुनिक उभा लूप लोकांसमोर आला. या आकारामुळे ऑलिंपिया लूपिंगमध्ये पाच लूप असूनही खांद्यावरून येणारे जाड पट्टे लागत नाहीत. मांडीवरचा दांडा पुरतो.

धागालेखक

अभ्यासू वाचक यांनी आकडे दिले आहेत, तेव्हा एक हिशोब मांडतो. ३२.५ मीटर उंचीवरून कोणताही विरोध न होता एखादी वस्तू खाली आली तर तिचा वेग ताशी सुमारे ९१ किलोमीटर होतो. यापेक्षा अधिक वेग केवळ उंचीतून मिळूच शकत नाही, आणि प्रत्यक्षात ग्रीस, चाके आणि हवा यांचा वाटा वजा होऊन तो याहून कमीच भरतो. आकड्याचा मोठेपणा करण्यात मला रस नाही, परंतु एखादी गाडी त्या मर्यादेच्या किती जवळ पोहोचते हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यातच चाकांची निगा, रुळांची जोडणी आणि त्या दिवसाची हवा हे सगळे उतरलेले असते. पाच लूप पार करायचे असतील तर शेवटच्या लूपच्या माथ्यापर्यंत पुरेल एवढी ऊर्जा गारठलेल्या सकाळीही शिल्लक राहिली पाहिजे. म्हणूनच थंडीच्या सकाळी लोकांना बसवण्यापूर्वी रिकाम्या गाड्या पुन्हा पुन्हा फिरवतात, आणि काही चालक हिवाळ्यात कमी दबणारी, अधिक कडक चाके बसवतात. सकाळी कुंपणाबाहेर उभे राहून रिकाम्या गाड्यांच्या फेऱ्यांचा वेळ मोजला तर तो फेरीगणिक कमी होत जाताना दिसतो. यंदा मी चौदा फेऱ्या मोजल्या. पहिली आणि चौदावी यांत चार सेकंदांचा फरक होता.

पहिली रांग यांनी लिहिलेले दंवाचे दृश्य वाचून पुढच्या वेळी मी समोर बसणार आहे.

नवीन सदस्य

माझी मान वर्षभरापूर्वी दुखावली होती. आता पूर्ण बरी आहे आणि डॉक्टरांनी कोस्टरला हरकत नाही असे सांगितले आहे. मोठ्या कोस्टरऐवजी ‘वाइल्ड माउस’ प्रकारातला लहान कोस्टर सुरुवातीला बरा पडेल का?

पहिली रांग

नाही, माझ्या मते तो सुरुवातीला टाळावा. वाइल्ड माउसची उंची आणि वेग कमी असतात म्हणून तो सौम्य वाटतो. परंतु त्याची वळणे जवळजवळ सपाट आणि काटकोनी असतात, रूळ आतल्या बाजूला कललेला नसतो, त्यामुळे झटका सरळ बाजूने येतो आणि मान नेमकी बाजूच्या झटक्याला कमकुवत असते. त्यातच डब्याचे नाक पुढच्या चाकांच्या बरेच पुढे आलेले असते. वळण आले तरी आपण सरळ कठड्याबाहेर चाललो आहोत असे वाटते आणि मग एकदम वळवले जातो. त्याची सगळी गंमत त्यातच आहे, पण ती निरोगी मानेसाठी. आपल्यासाठी लूप नसलेला, लांब आणि कललेल्या वळणांचा कोस्टर अधिक योग्य. गाडीच्या मध्यावर बसावे, डोके मागे टेकवून ठेवावे आणि रांगेत उभे असतानाच मान सावकाश फिरवून स्नायू गरम करून घ्यावेत. गारठलेली मान घेऊन कोणीही बसू नये.

शाल

पाना-पक्कड यांचे उत्तर मी मुलीला वाचून दाखवले. तिने दातांच्या पट्टीचे चित्र काढून घेतले. काल संध्याकाळी आम्ही दोघी गेलो होतो. रांगेत उभी असताना ती काहीच बोलली नाही. चढावर मात्र ती दात मोजत होती, मोठ्याने, आणि त्र्याण्णवपर्यंत पोहोचली तेव्हा माथा आला. नंतर आम्ही आणखी दोनदा बसलो. दुसऱ्यांदा तिने मागचा डबा निवडला आणि तिसऱ्यांदा पुढचा. तिला पुढचा आवडला.

धागालेखक

शालताई, हे वाचून फार बरे वाटले. तिला माझा नमस्कार सांगा.

जत्रा परवा संपली. काल सकाळी मी मुद्दाम उतरवणी पाहायला गेलो होतो. कुंपणाबाहेरून जेवढे दिसते तेवढे पाहिले. आदल्या रात्री जिथे लोक ओरडत होते तिथे फक्त हातोड्याचे ठोके आणि क्रेनच्या मोटरीचा आवाज होता. सांध्यातली पिन काढण्यापूर्वी एक जण तिची सुरक्षा-खिळी ओढून कमरेच्या पिशवीत टाकत होता आणि दुसरा क्रेनच्या दोरावर हात ठेवून रुळाचा तुकडा ताणात आला का हे पाहत होता. वजन दोरावर आल्याशिवाय पिन निघत नाही, आले की हाताने निघते. लूपचा वरचा तुकडा हवेत सुटा झाला तेव्हा तो सावकाश गिरकी घेत खाली आला आणि दोन माणसांनी तो वाहनावरच्या त्याच्या ठरलेल्या खाचेत बसवला. रूळ आधी उतरतात, मग खांब, आणि जमिनीवरच्या आडव्या चौकटी सर्वांत शेवटी निघतात. पुढच्या मुक्कामी त्याच चौकटी सर्वांत आधी लागतात, म्हणून त्यांचे वाहन सगळ्यांत उशिरा भरून सगळ्यांच्या आधी निघते.

दुपारी चारच्या सुमारास सात थरांची ती चळत उचलली गेली. निळ्या खडूच्या क्रमांकाची पातळ फळी एका कामगाराने बाहीने घासून पुसली आणि पेटीत इतर फळ्यांबरोबर ठेवून दिली. पुढच्या ठिकाणी त्या खांबाखाली किती थर लागतील हे तिथली जमीन ठरवील.